रस्त्यावरच्या तरुणांना कार्यक्रम नको, ओळखीचं माणूस हवं

नाताळ जवळ आला की आमच्या सेवाकार्याला चर्चच्या मंडळ्यांचे फोन सुरू होतात. तरुण संघाला रस्त्यावरच्या मुलांसाठी एक दिवस काहीतरी करायचं असतं. चादरी आणू का, गाणी बसवू का, साधारण किती मुलं असतील? विचारणाऱ्यांच्या मनात प्रेम असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण बरीच वर्षं हे काम जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय आणि ते आज मोकळेपणाने लिहिते. बेघर तरुणांना चादरही लागते, जेवणही लागतं. पण त्याहून जास्त त्यांना तेच माणूस, त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. आणि नेमकं तेवढंच द्यायला आपण मंडळ्या का-कू करतो.

बेघर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो फूटपाथवर झोपलेला म्हातारा. सोळा ते चोवीस वयाची ही मुलं तशी दिसतच नाहीत. ती धडपडून स्वच्छ राहतात. पाठीवर सॅक, कानात हेडफोन, कॉलेजला निघाल्यासारखी. आज एका मित्राकडे, परवा कुणाच्या तरी सोफ्यावर, मग स्टेशनवर, मग पुन्हा कुणाकडे तरी. शिकागो विद्यापीठाच्या चॅपिन हॉल या संशोधन केंद्राने २०१७ मध्ये अमेरिकेपुरता देशव्यापी अंदाज मांडला होता: १८ ते २५ वयाच्या दर दहा तरुणांमागे एक जण वर्षभरात कधी ना कधी बेघर होतो, आणि १३ ते १७ वयात दर तिसांमागे एक. घर नाही म्हणून दुसऱ्याकडे पडून राहणारी मुलंही त्यांनी त्यात धरली होती. ती धरायलाच हवीत, कारण त्या सोफ्याचं भाडं दर वेळी पैशातच मागितलं जातं असं नाही.

ही पोरं घर सोडून 'पळून' आलीत असं आपण सहज म्हणतो. त्यांच्याशी बोलायला लागलं की कळतं, पळावं लागलं म्हणून पळाली. सावत्र बापाची मारझोड. आई गेली आणि नातेवाइकांपैकी कुणीच ठेवून घेतलं नाही. बालगृहात वाढलेलं मूल अठरा पूर्ण झाल्या झाल्या एका पिशवीनिशी दाराबाहेर. आणि एक कारण आपल्याला, ख्रिस्ती माणसांना, ऐकायला फार जड जातं: यातली काही मुलं विश्वासणाऱ्यांच्याच घरातून बाहेर काढलेली असतात. मुलगी लग्नाआधी गरोदर राहिली म्हणून, मुलगा समलिंगी आहे असं कळलं म्हणून. समलिंगी, ट्रान्स वगैरे तरुणांच्या वाट्याला बेघर होण्याचा धोका इतरांपेक्षा दुपटीहून जास्त येतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. अशा मुलाला घराबाहेर काढताना दारात बायबलची वचनं ऐकवलेली असतात. आपण तीच वचनं घेऊन त्याच्यापुढे उभे राहिलो तर त्याने आपल्याकडे कोणत्या नजरेने बघावं?

दिवसा येऊन बसता येईल असं आमचं एक केंद्र आहे. तिथे एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा यायचा. खुर्चीत ताठ बसूनच झोपायचा. सॅकचा पट्टा मनगटाला दोन वेढे मारून गुंडाळलेला, बूट पायातच. कोपऱ्यात गादी होती, पण तो तिच्यावर आडवा व्हायचा नाही. आडवं झालं की माणूस गाढ झोपतो, आणि गाढ झोपलेल्याचं सामान जातं, बूट जातात, कधीकधी याहून भयंकर घडतं, हे तो शिकलेला होता. रात्रभर ही मुलं झोपत नाहीत, चालत राहतात. त्यामुळे दिवसा कुठेतरी सुरक्षित डोळा लागणं ही त्यांची खरी भूक असते. आपले सुट्टीच्या दिवशीचे स्वयंसेवक येतात आणि म्हणतात, ही मुलं आळशी आहेत, नुसती झोपून असतात.

हा मुलगा प्रत्येक स्वयंसेवकाला वेगळं नाव सांगायचा. तो खोटारडा होता म्हणून नाही. नवा गट आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "तू इथे कसा आलास?" प्रश्न प्रेमाने विचारलेला, पण त्याला दर वेळी तीच जखम उघडून दाखवावी लागायची, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना व्हायची आणि ते माणूस पुन्हा कधी दिसायचं नाही. ज्या मुलाला आयुष्यभर मोठ्या माणसांनी सोडलं, त्याला आपण आणखी चार माणसं दिली, तीही सोडून जाणारी. यात त्याचं भलं झालं असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. त्याचं खरं नाव शेवटी कळलं ते आमच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या ताईंना. त्यांनी त्याला कधीच काही विचारलं नव्हतं. त्या फक्त रोज असायच्या.

ही गोष्ट काही नवी नाही. इटलीतल्या ट्युरिन शहरात १८४० च्या दशकात डॉन बॉस्को नावाच्या तरुण धर्मगुरूला कामाच्या शोधात खेड्यांतून आलेली, रस्त्यावर राहणारी, तुरुंगात जाऊन आलेली पोरं भेटली. त्याने एका रात्री काही मुलांना गवताच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, पांघरुणं दिली. सकाळी बघतो तर मुलं गायब आणि पांघरुणंही गायब. आपल्यापैकी कितीतरी मंडळ्यांचं काम या टप्प्यावर थांबतं: "या मुलांना किंमत नाही." पण १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक अनाथ पोरगा त्याच्या दारी आला, तेव्हा दार पुन्हा उघडलं गेलं. डॉन बॉस्कोची आई मार्गारिता हिने विटा मांडून त्यावर फळ्या टाकल्या आणि स्वयंपाकघरातच त्याचं अंथरूण केलं. आधीचा अनुभव होता, म्हणून रात्री स्वयंपाकघराचं दार नीट बंदही केलं. मला यातल्या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तिने दार उघडलं, आणि भोळेपणाही केला नाही.

पुढे तर डॉन बॉस्कोने आपल्या मुलांना कामावर ठेवणाऱ्या मालकांशी लेखी करार केले. मुलाला धंदाच शिकवायचा, घरगडी म्हणून राबवायचं नाही, सुट्टी द्यायची, चुकला तर मारायचं नाही, बोलून समजवायचं. धर्मगुरू सुताराबरोबर बसून कराराची कलमं घालतोय, हे चित्र मला कोणत्याही प्रवचनाइतकंच मोलाचं वाटतं. कागद हीसुद्धा सेवा आहे. आजच्या मुलाचा संसार सॅकमध्ये असतो आणि सॅक चोरीला गेली की ओळखपत्र जातं. ओळखपत्र नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून नवं ओळखपत्र निघत नाही. हा फेरा तोडायला एका कार्यकर्त्याला महिनोन्महिने एकाच मुलाबरोबर ऑफिसांच्या रांगेत उभं राहावं लागतं. त्याचा फोटो कुठे छापून येत नाही. मंडळीच्या वार्षिक अहवालात 'अमुक मुलांना जेवण' असा आकडा लिहिता येतो, 'एका मुलाचा जन्मदाखला मिळाला' हे लिहायला कुणाला सुचत नाही.

आता जेवण आणि प्रार्थना यांच्याबद्दल. यावरून माझे काही जवळच्या लोकांशी मतभेद आहेत, आणि मी माझ्या बाजूला ठाम आहे. आधी संदेश ऐका मग ताट मिळेल, ही पद्धत बंद झाली पाहिजे. बायबलमधल्या लूकच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला एकच परत येतो. येशू बाकीच्या नऊ जणांबद्दल विचारतो, त्याला ते लागलंही असेल, पण त्यांचं बरं होणं तो परत घेत नाही. नऊ जण बरेच राहिले. आपण मात्र बाहेर भुकेने कासावीस झालेल्या पोराला अर्धा तास बसवून ठेवतो आणि त्याला साक्ष म्हणतो.

शिवाय त्यातून खरं काही हाती लागत नाही. रस्त्यावर राहिलेलं मूल समोरच्या मोठ्या माणसाला काय ऐकायचंय हे क्षणात ओळखतं, तो त्याचा जगण्याचा आधार असतो. आपण ताटावर अट घातली की ते योग्य जागी 'हालेलुया' म्हणायला शिकतं. मग आपण मंडळीत हात वर करून सांगतो की इतक्या जणांनी येशूचा स्वीकार केला. देवाच्या नावाने त्या मुलाला आणखी एकदा नाटक करायला लावणं मला पाप वाटतं. हा शब्द मी विचार करून लिहिलाय.

"मग शुभवर्तमान सांगायचंच नाही का?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. सांगायचं. आम्ही सांगतो. जेवण झाल्यावर शेजारच्या खोलीत प्रार्थना असते, ज्याला यायचं तो येतो, न येणाऱ्याच्या ताटात काही कमी पडत नाही. पण सगळ्यात खोल प्रश्न त्या खोलीत येत नाहीत. ते येतात ताटं विसळताना, दवाखान्याच्या बाकावर, कोर्टाच्या तारखेला वाट बघताना. "देव असेल तर मी लहान असताना तो कुठे होता?" असं एका मुलीने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी बनवूनही सांगितलं नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि माझ्या शेजारीच बसली.

आणखी एक गोष्ट, जी चर्चच्या बैठकीत काढली की वातावरण अवघडतं. ही मुलं असुरक्षित आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे वाईट माणसंही ओढली जातात, आणि ती सेवेचा झगा घालूनही येतात. कव्हेनंट हाऊस ही बेघर तरुणांसाठी काम करणारी मोठी संस्था १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक फादर ब्रूस रिटर यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि १९९० मध्ये ते पायउतार झाले. त्यांनी आरोप नाकारले, खटला चालला नाही, पण संस्थेनेच नेमलेल्या चौकशीत त्यांच्याविरुद्ध बराच पुरावा पुढे आला. त्यानंतर सिस्टर मेरी रोज मॅकगीडी यांनी सूत्रं हाती घेतली आणि ती संस्था सावरली, आजही ती अनेक शहरांत मुलांना आसरा देते. यातून मी शिकले ते एवढंच की माणूस कितीही देवभीरू दिसो, नियम सगळ्यांना सारखे. एकट्या मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही. मुलाला आपल्या घरी न्यायचं नाही, कितीही कळवळा आला तरी. पोलीस पडताळणीशिवाय स्वयंसेवक नाही. मुलाचा चेहरा दिसेल असा फोटो नाही, कारण तो फोटो त्याला शोधणाऱ्या दलालापर्यंत किंवा मारणाऱ्या बापापर्यंत पोचू शकतो. "आमच्या चर्चच्या पाळकांवर तुमचा विश्वास नाही का?" असं कुणी विचारलं तर मी सांगते की माझा पाळकांवर विश्वास आहे म्हणूनच हा नियम त्यांनाही लागू आहे.

मग मंडळीने करायचं काय? माझं उत्तर रूक्ष वाटेल: पगार द्या. वर्षातून एकदा येणाऱ्या पन्नास जणांपेक्षा पाच वर्षं टिकणारा एक पूर्णवेळ कार्यकर्ता हजार पटीने उपयोगाचा आहे. आणि तो टिकत नाही, कारण आपण त्याला 'हे तर प्रभूचं काम' म्हणून अर्ध्या पगारावर राबवतो. तो थकतो, लग्नाचं वय होतं, घरभाडं द्यायचं असतं, तो निघून जातो आणि मुलांना पुन्हा एक माणूस सोडून गेलेलं दिसतं. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या दयाळू शोमरोन्याची बायबलमधली गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे, पण तिचा शेवट घाईत वाचतो. तो जखमी माणसाला उतारशाळेत पोचवून मोकळा होत नाही. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो, याहून जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा भरीन. परत येण्याची तयारी आणि खर्चाची तयारी, दोन्ही त्या गोष्टीतच आहेत.

पगाराइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे जागा. आपली कितीतरी सभागृहं रविवार सोडून कुलूपबंद असतात. १९६९ मध्ये लंडनच्या सोहो भागात केनेथ लीच या अँग्लिकन धर्मगुरूंनी सेंट अ‍ॅन चर्चच्या तळघरात बेघर तरुणांसाठी रात्रीचा निवारा उघडला. त्याच भागात सेंटर पॉइंट नावाची उंच इमारत तेव्हा रिकामी पडून होती, तेच नाव निवाऱ्याला दिलं गेलं. त्या तळघरातून वाढलेली संस्था आज ब्रिटनमधल्या बेघर तरुणांसाठी काम करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे. लगेच रात्रनिवारा उघडा असं मी म्हणत नाही, त्याला प्रशिक्षित माणसं लागतात. पण आठवड्यातून दोन दुपारी सभागृह उघडा, शांत झोपू द्या, फोन चार्ज करायला बोर्ड लावा, सामान ठेवायला कुलपाची कपाटं द्या. एकदा सुरू केलंत तर मात्र ऐनवेळी लग्नाचं बुकिंग आलं म्हणून बंद ठेवू नका. मुलं दारापर्यंत चालत आलेली असतात.

या नाताळला ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी आमच्या केंद्राची आत्ताची गरज लिहिते. मोज्यांचे जोड हवेत, कारण ओल्या मोज्यांत दिवसरात्र चालून मुलांचे पाय कुजतात. कागदपत्रांच्या कामात हात बसलेलं, आठवड्यातला एक ठरावीक दिवस वर्षभर देऊ शकेल असं कुणी निवृत्त माणूस हवं. आणि दातांचे डॉक्टर हवेत. आमच्याकडे एक मुलगी आहे, दाढ इतकी दुखते की तिला एका बाजूने चावता येत नाही आणि नोकरीच्या मुलाखतीत ती तोंडावर हात धरून बोलते. तुमच्या मंडळीत कुणी दंतवैद्य असतील तर त्यांना ही पोस्ट दाखवा आणि मला इनबॉक्समध्ये कळवा.