प्राध्यापकहो, ब्लॉग तेवढा लिहू नका

सहायक प्राध्यापक झालात? अभिनंदन. आता संशोधनावर ब्लॉग लिहू नका. फारच हात शिवशिवत असतील तर चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांनी सजवतात त्या माटोळीचे फोटो टाका.

लिहिलाच, तर कुणाला कळणार नाही असा लिहा. 'सदर', 'उपरोक्त', 'प्रस्तुत' ओळीआड पेरा. मी चुकलो. गोव्यातल्या खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, लिहिताना सरळ सांगून टाकलं, की भरतीच्या रेट्याने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. झालं, लोकांनी वाचलं! एका शेतकऱ्याने तर फोन करून माझी एक चूक दाखवली. शोधनिबंध वाचून कधी शेतकऱ्याचा फोन आलाय?

परदेशी उदाहरणं देऊ नका. २००९ मध्ये गणितज्ञ टिमथी गावर्स यांनी ब्लॉगवर गणिताचा प्रश्न मांडला, वाचकांनी मिळून तो सोडवला आणि निबंध 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामाईक नावाने छापला. आपल्याकडे पहिला प्रश्न निघेल, पहिलं नाव कुणाचं?

वरिष्ठांना मात्र ब्लॉग जरूर दाखवा. एका सरांना माझा इतका आवडला, की चार परिच्छेद जसेच्या तसे त्यांच्या निबंधात. खाजनात पिकणाऱ्या 'कोरगुट' भाताचं मी टायपताना 'कोरगुड' केलं होतं. महिन्याभराने सुधारलं. सरांच्या निबंधात कोरगुड अजून डौलात उभं आहे! विचारलं तर म्हणाले, "अरे, ब्लॉगचा कसला संदर्भ द्यायचा?" यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत भाषा-मानव्यशाखेच्या निबंधाला बढतीसाठी १० गुण. लेखक दोघे असले तर प्रत्येकी ७० टक्के. म्हणजे सरांना ७, नावापुरत्या सहलेखकाला ७. माल माझा, बेरीज १४. आणि माझा ब्लॉग? बढतीच्या फाइलीत 'इतर'मध्ये लिहिला होता, त्यावर लाल रेघ.

गुण मोजायला कॅल्क्युलेटर ठेवा.

जाऊ दे, उपरोध पुरे. सर, लाज वाटू द्या हो थोडी! दोन पावसाळे बांधांवरून मी घसरलो, म्हाताऱ्यांच्या पडवीत तासन्‌तास मी बसलो. तुमच्या बुटाला चिखलाचा ठिपका नाही. तळटीपेत एक ओळ टाकली असती तर तुमचे ७ चे ६ झाले असते? पोरांनी एक पान उतरवलं की चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का दाखवून त्यांना वर्गासमोर उभं करता, तुमचा टक्का कुणी काढायचा? पुढच्या वेळी चोराल तेव्हा निदान वाचून तरी चोरा. कोरगुट. ट, सर. टोपीतला ट.