‘लहान मुलांची नर्स प्रॅक्टिशनर’: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

नाशिकच्या नर्सिंग ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जीएनएमनंतर एक वर्षाचा कोर्स करा, बालरोग नर्स प्रॅक्टिशनर व्हा, स्वतःचा दवाखाना टाका.’ (जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका; नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जादा शिक्षण घेऊन काही तपासणी-उपचारही करणारी नर्स.) काल पंचवटीतली माझी जुनी विद्यार्थिनी फोन पुढे करून उभी राहिली. “मॅडम, बुकिंगचे पाच हजार आजच भरायचेत, भरू का?” मी नको म्हटलं.

मी नर्सिंग शिकवते, अभ्यासक्रम रोज हाताळते. देशातले नर्सिंगचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेचे नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम आहेत अतिदक्षता आणि प्रसूती या विषयांचे. अतिदक्षतेचा दोन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंगनंतरचा, तोही अनुभव असेल तरच. मुलांसाठी एमएस्सीत बाल आरोग्य परिचर्या हा विषय आहे, नवजात बाळांसाठी एक वर्षाची पोस्ट बेसिक (मूळ नर्सिंग शिक्षणानंतरची) पदविका आहे. दोन्ही उत्तम, मुलींनी जरूर करावेत. पण त्यावर स्वतंत्र दवाखाना टाकता येत नाही.

‘एक वर्ष’ बहुधा अमेरिकेतून आलंय. तिथे 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरची ही वाट सुरू केली, तीही मुलांच्याच आरोग्यासाठी. आज तिथे आधी पदव्युत्तर शिक्षण, मग परीक्षा आणि परवाना. वर्षभराचं प्रशिक्षण त्याच्याही नंतर, तेही ऐच्छिक.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. पैसे भरण्याआधी म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात स्वतः जाऊन विचारा.