गिटारच्या पिकअप व पॉट बदलण्याच्या कामाविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय मी आणि आपले काम करणारा कारागीर, दोघांनी एकत्र बसून वाचला. आपल्या तक्रारी तीन आहेत : ७०० रुपये सांगून ११५० घेतले, न विचारता पिकगार्डची (गिटारच्या अंगावरच्या प्लास्टिकच्या पत्र्याची) भोके मोठी केली, आणि नेकजवळचा (गिटारच्या मानेकडचा) व मधला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग, एकत्र वाजतात त्या स्विचच्या चौथ्या जागेवर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येतो.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक सर्वस्वी आमची आहे. आपण नेकजवळचा पिकअप तेवढा बदलून घेतला, मधला जुनाच ठेवला. वेगवेगळ्या बनावटीच्या पिकअपमध्ये तारेच्या वेढ्यांची किंवा चुंबकाची दिशा उलट असू शकते. एकेकटे वाजवले तर दोन्ही उत्तम वाजतात, पण एकत्र आले की एकमेकांना खोडतात आणि खर्ज नाहीसा होतो. हे जोडणीआधीच कळते : पिकअपला मल्टिमीटर लावून वरच्या खिळ्यांवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि आकडा कोणत्या बाजूला सरकतो ते पाहायचे. आम्ही पाचही जागांवर आवाज येतो की नाही एवढेच पाहिले, तो कसा येतो हे ऐकलेच नाही. खरे तर या जोडआवाजासाठीच लोक अशी गिटार घेतात. १९७७ पूर्वी फेंडर स्ट्रॅटोकास्टरला तीनच जागांचा स्विच येत असे, तेव्हा वादक तो मध्येच अडकवून हा आवाज काढीत. नव्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल केली की दोष जाईल. ते काम आपल्यासमोर, विनामूल्य करून देऊ.

भोकांविषयी सांगायचे तर, आपण आणलेले पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारे फिरते भाग, इंची मापाचे होते. त्यांचा आट्यांचा भाग साधारण ९.५ मिलिमीटरचा, तर आपल्या पिकगार्डची भोके सुमारे ७ मिलिमीटरची. ती मोठी केल्याशिवाय पॉट बसलेच नसते. प्लास्टिक तडकू नये म्हणून ड्रिल न लावता रीमर (भोक हळूहळू रुंद करणारे हत्यार) हाताने फिरवला, आणि काम स्वच्छ झाले आहे. तरीही आधी आपल्याला फोन करायला हवा होता, कारण मोठे केलेले भोक पुन्हा लहान होत नाही आणि तो निर्णय आपला होता. त्या कामाचे १५० रुपये परत करत आहोत.

नॉबचे ३०० रुपये मात्र योग्यच आहेत, असे मला वाटते. जुने नॉब १८ खाचांच्या दांड्याचे, नव्या पॉटच्या दांड्याला २४ बारीक खाचा; ठोकून बसवले असते तर दांडा मोडला असता. नॉब बदलावे लागतील, हे गिटार कामाला घेतानाच सांगितले होते आणि ते आपल्या पावतीवरही लिहिलेले आहे. जुने नॉब आणि पॉट बॅगेच्या पुढच्या कप्प्यात पाकिटात ठेवले आहेत.

दुकान सोमवारी बंद असते. इतर कोणत्याही दिवशी अकरानंतर या. काम अर्ध्या तासाचे आहे, आणि पाचही जागा आपण स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय गिटार बॅगेत घालणार नाही.