दुपारी एक ते चार, मस्कत

मुतराच्या बाजाराशी पोचलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दुकानदाराने शटर ओढलं, माझ्याकडे पाहिलं आणि चार बोटं दाखवली. चार वाजता. मी सदाशिव पेठेतला. ही बोटं आमच्याकडे गिऱ्हाइकाला दाखवायची असतात, आपल्याला पाहावी लागत नाहीत.

दोष सहल कंपनीच्या कागदाचा. 'एका दिवसात मस्कत' म्हणे. सुलतान काबूस ग्रँड मशिदीत आम्हाला साडेदहाला सोडलं. बिगरमुस्लिमांना तिथे शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ एवढीच मुभा. ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद, २१ टनांचा गालिचा, इराणी बायांनी चार वर्षं खपून विणलेला, आणि आम्ही तो एस्टी गाठायच्या चालीने पाहिला. त्यातही आमच्यातले एक थ्री-फोर्थवाले गृहस्थ दारावरच अडकले. हातपाय झाकलेले हवेत, बायकांचे केसही. हे कागदावर कुठेच नव्हतं. पुढे अल आलम राजवाडा, तो फाटकातूनच बघायचा. दोन्ही अंगांना जलाली आणि मिरानी, पोर्तुगीजांनी १५८०च्या दशकात बांधलेले किल्ले. सगळा मिळून फोटोंचा कार्यक्रम. आणि मग भर एक वाजता बाजार!

समुद्राकडेच्या रस्त्यावर बाकं आहेत, सावली नाही. एका बाकावर काळी छत्री उघडून एक काका बसले होते. मी टेकताच म्हणाले, "पुण्याचे?"

"कसं ओळखलंत?"

"बंद दुकानावर एवढं चिडलायत म्हणून. तुमच्याकडे दुकानदाराला झोप येते म्हणून बंद, इकडे ऊन पडतं म्हणून बंद. कारण तरी बरं आहे की नाही?"

काका रत्नागिरीचे. मस्कतात किती वर्षं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं. पोर्तुगीज इथे १५०७ला आले, १६५०ला ओमानींनी त्यांना हाकललं. "आणि आपण? १९६१!" हा गोव्याचा उशीर जणू मीच केला होता. शुक्रवारी सकाळी बाजारात येऊच नये. एका रियालचे हजार बैसे, म्हणून ५०० बैशांच्या नोटेला पाचशे समजून छातीत धरू नये, तो अर्धा रियाल. "आणि अर्धा रियाल म्हणजे शंभराच्या वर रुपये, तेव्हा चिल्लर समजून उधळूही नये."

हे चाललं असताना छत्री पूर्ण त्यांच्याकडे होती. मी अर्धा इंच सरकलो की तेही अर्धा इंच सरकत. दमट हवा, सदरा पाठीला चिकटलेला, आणि माझ्या उजव्या कानावर तेवढी सावली. "घ्या की आत थोडं," एवढं म्हणायला माणसाचं काय जातं? रत्नागिरीत पाऊस पडतो तेव्हाही हे असेच वागत असतील.

"काय घेणार बाजारात?"

"ऊद."

काका पहिल्यांदाच हसले. "आत जाऊन हा शब्द उच्चारू नका. तुमचा ऊद म्हणजे देवापुढे जाळायचा, स्वस्तातला. इकडे ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. तोळ्याचा भाव ऐकलात तर इथेच बसून राहाल. तुम्हाला हवाय तो लुबान, दक्षिण ओमानातल्या धोफारच्या झाडांचा डिंक. त्यात होजारी मागा. खडा फिकट हिरवट, अर्धपारदर्शक हवा. पिवळा-तपकिरी, कचरा चिकटलेला असेल तर ठेवून द्या. आणि उदबत्तीसारखी काडी लावायला जाऊ नका, कोळसा पेटवा, तो राखेने पांढरा झाला की मग खडा ठेवा. लाल निखाऱ्यावर टाकलात तर नुसता जळका धूर."

चारला शटरं वर गेली. मी उठलो, काकाही उठले, आणि छत्री मिटून माझ्यापुढे आत शिरले. बाजाराच्या बोळांना वर लाकडी छप्पर आहे. तिथे सावलीच सावली.

लुबानाच्या दुकानात पोचलो तर काका आधीच तिथे. दुकानदाराने विचारलं, काय हवं? उन्हाने डोकं तापलेलं, जीभ पुण्याची.

"ऊद," मी म्हणालो.

त्याने काचेच्या कपाटाची किल्ली काढली.