गडावर संगीत नेण्यापूर्वी

यंदाच्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर जाण्याचा आपला बेत ठरला असेल, तर विजेरी, रेनकोट आणि चांगल्या पकडीचे बूट अशा किरकोळ वस्तूंची जमवाजमव करण्याआधी ब्लूटूथ स्पीकर पूर्ण चार्ज झाला आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

संगीत एकट्याने ऐकण्याचा आप्पलपोटा काळ आता मागे पडला आहे. २००५ साली सोनी एरिक्सनचा डब्ल्यू८०० हा वॉकमन फोन आला, तेव्हा खोक्यात इअरफोनही मिळत असत. २००७ च्या नोकिया ५३१० एक्सप्रेसम्युझिकला तर पडद्याच्या कडेला गाण्यांसाठी स्वतंत्र बटणे होती, आणि एवढा सरंजाम कशासाठी, तर एकाच माणसाच्या दोन कानांसाठी! पुढे २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून इअरफोनचे भोकच काढून टाकले, इतर अनेक कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला, आणि आपल्यातील दानशूरपणाला वाट मोकळी झाली.

स्पीकर निवडताना नादाची गोडी पाहू नये, खोक्यावरचा वॅटचा आकडा पाहावा. आयपीएक्स७ असे लिहिले असल्यास उत्तमच, कारण असा स्पीकर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो, त्यामुळे पावसाने आपले गाणे बंद पडेल ही सहप्रवाशांची भाबडी आशा पायथ्याशी, पाचनईतच, मोडून काढता येते. स्पीकरच्या मुठीएवढ्या, थरथरणाऱ्या पडद्यातून खर्ज मुळातच बेताचा निघतो, आणि घरात भिंतींमुळे त्याला जो भराव मिळतो, तो उघड्यावर मिळत नाही. म्हणून कोकणकड्यावर ढोलाचा दणका विरतो आणि गायकाची किंचाळी तेवढी उरते. अशा वेळी गाणे बदलू नये. आवाज फाटेपर्यंत वाढवावा.

पावसाळ्यात पहाटे शीळकरी कस्तूर नावाचा पक्षी सुरेल शीळ घालतो. परंतु त्याला बेस नाही, रीमिक्स नाही, शिवाय तो कोणाची फर्माईशही घेत नाही, तेव्हा त्याची भीड बाळगण्याचे कारण नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेबद्दल काही कडक शब्द आहेत. पण ते वाचणारी माणसे बहुधा लवकर झोपतात. निदान तसा प्रयत्न तरी करतात.

फोन स्पीकरला जोडलेला असताना आईचा फोन आला, तर तो त्यावरच घ्यावा. ‘पोहोचलास का रे? आणि पोट बरं आहे का आता?’ हा प्रश्न शेजारच्या चार तंबूंनी ऐकला म्हणजे गडावर कौटुंबिक वातावरण निर्माण होते. त्यांपैकी एखादा सद्गृहस्थ सकाळी ‘बरं आहे ना आता?’ अशी चौकशीही करील.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. खोक्यावर छापलेले बॅटरीचे तास बहुधा मध्यम आवाजाचे असतात आणि आपण मध्यम आवाजाची माणसे नव्हेत, म्हणून पॉवरबँक विसरू नये. विसरलीच, तर शेजारच्या तंबूत मागावी. नाही म्हणणारे आपल्याला ऐकू येणार नाहीत.