हाय-पॉवर परत आलं, आणि यायला हवं तसंच आलं

स्प्रिंगफील्ड आर्मरीनं ऑक्टोबर २०२१ मध्ये एसए-३५ नावाचं ९ एमएम पिस्तूल बाजारात आणलं. तेव्हापासून मी भेटेल त्याला त्याच्याबद्दल सांगत आलोय, आज एकदा बैजवार लिहून काढतो. मी हाडाचा टूलरूमवाला, म्हणजे डाय आणि साचे घडवणारा. पिंपरी-चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर शिकलो, आता ओहायोत तेच काम करतो आणि सुटीच्या दिवशी रेंजवर जातो. जुनी रचना नव्यानं करायची तर ती कशी करावी, याचा एसए-३५ हून चांगला धडा मी पाहिलेला नाही. कारण हे पिस्तूल करणाऱ्यांनी आधी एक काम केलं: ८०-९० वर्षं ही वस्तू वापरणाऱ्यांनी तिच्यात काय बदलून घेतलं आणि कशाला हात लावू दिला नाही, हे नीट पाहिलं.

मूळ पिस्तूल म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर. नाव जॉन मोझेस ब्राउनिंगचं आहे, पण त्याच्याइतकाच मान द्योदोने सैव्ह या बेल्जियन माणसाचा आहे, आणि तो त्याला क्वचितच मिळतो. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याला नवीन पिस्तूल हवं होतं, किमान १० गोळ्या मावणारं. तोपर्यंतच्या बहुतेक लष्करी पिस्तुलांत सात-आठ गोळ्या एकाखाली एक, एका रांगेत बसायच्या. बेल्जियमच्या एफएन कंपनीत काम करणाऱ्या सैव्हनं गोळ्या दोन रांगांत, एकमेकींच्या खोबणीत सरकवून बसवल्या आणि वर तोंडाशी येताना त्यांची पुन्हा एक रांग केली. हे मॅगझिन म्हणजे पत्र्याची एक डबी, पण तिच्या बाजूंचा उतार थोडा जरी चुकला तर गोळी अडकते. पत्र्याच्या डायवर काम केलेल्या माणसाला यातली मेहनत वेगळी सांगायला नको. ब्राउनिंगनं त्या मॅगझिनभोवती पिस्तूल उभं केलं आणि १९२३ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्येच, एफएनच्या कारखान्यात काम करत असताना हृदय बंद पडून तो गेला. पेटंट त्याच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी १९२७ मध्ये मंजूर झालं.

पुढची जवळजवळ नऊ वर्षं सैव्ह त्या पिस्तुलावर काम करत राहिला. ब्राउनिंगनं '१९११' नावाच्या आपल्या आधीच्या पिस्तुलाचे हक्क कोल्टला विकलेले असल्यामुळे त्यातल्या काही सोयी सुरुवातीला वापरता येत नव्हत्या. त्या पेटंटांची मुदत संपल्यावर सैव्हनं त्यातलं चांगलं ते उचललं आणि रचना आटोपशीर केली. १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्यानं ते स्वीकारलं, म्हणून त्याला पी-३५ म्हणतात. गोळ्या १३. ज्या फ्रान्ससाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला, त्यानं मात्र ते घेतलंच नाही.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १३ गोळ्यांचं मॅगझिन असूनही याची मूठ हातात घेतली की बारीक लागते. हे जमलं कसं? '१९११' पिस्तुलात ट्रिगरचा पट्टा मॅगझिनच्या दोन्ही बाजूंनी मागे जातो. दोन रांगांच्या जाड मॅगझिनच्या बाजूंनी तसाच पट्टा नेला असता तर मूठ बेढब झाली असती. म्हणून इथे हालचाल वरून नेली. ट्रिगर दाबला की एक छोटी दांडी वर उठते, ती स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, पोटात बसवलेल्या तरफेचं पुढचं टोक उचलते, तरफेचं मागचं टोक खाली जाऊन सिअर, म्हणजे घोडा अडवून धरणारा तुकडा, दाबतं आणि घोडा (मागचा हातोडा) सुटतो. शिवाय ती तरफ स्लाइडमध्येच असल्यामुळे स्लाइड मागे गेली की तीही दांडीवरून सरकते, म्हणजे स्लाइड पूर्ण मिटल्याशिवाय पुढची गोळी सुटू शकत नाही. एकाच भागानं दोन कामं केली. बॅरलचंही, म्हणजे नळीचंही, तसंच. '१९११' पिस्तुलात बॅरलला खाली ओढायला एक झुलती कडी असते. इथे ती कडी काढून बॅरलच्या बुडाशीच तिरकी खाच कोरली, आणि तीच खाच बॅरलला खाली उतरवून स्लाइडपासून सोडवते. एक सुटा भाग कमी झाला आणि झिजण्याची एक जागा कमी झाली. आज ग्लॉक किंवा सीझेड ७५ यांसारखं पिस्तूल उघडा, बॅरलखाली त्याच विचाराची वारसदार रचना दिसेल.

दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल दोन्ही बाजूंनी लढलं. जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर एफएनचा कारखाना आपल्या सैन्यासाठी राबवला. सैव्ह निसटून इंग्लंडला पोचला, आणि कॅनडात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीनं १९४४ पासून हेच पिस्तूल बनवायला घेतलं. तिथे सुमारे दीड लाख पिस्तुलं तयार झाली. मुळात बॉयलर आणि वाफेची इंजिनं करणारी ही कंपनी. १९८२ च्या फॉकलंड युद्धातही ब्रिटिश आणि अर्जेंटिनी, दोघांच्याही कमरेला हाय-पॉवरच होतं. अर्जेंटिनाचं तर परवान्यानं रोसारिओत बनलेलं.

आणि आपल्याकडे? भारतीय सैन्यात आणि पोलिसांत जे 'पिस्टल ऑटो ९ एमएम १ए' वर्षानुवर्षं वापरात आहे, ते याच इंग्लिस नमुन्याचं पिस्तूल, पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं. टीव्हीवर एखाद्या अधिकाऱ्याच्या होल्स्टरमधून त्याची मूठ दिसते, ते तुमच्यापैकी अनेकांनी नकळत पाहिलेलं असेल. माझे मामा सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झाले. एसए-३५ घेतल्यावर मी त्यांना व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं, रिकामं, स्लाइड मागे अडकवून, मॅगझिन बाजूला काढून. मामांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलं वन-ए! पण घोडा वेगळा दिसतोय." मी म्हटलं, "मामा, तोच तर मुद्दा आहे." त्यावर त्यांनी अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी कॅमेऱ्यासमोर धरली आणि सांगितलं की फायरिंगच्या दिवशी इथं हमखास चिमटा बसायचा.

हाय-पॉवरवर माझं प्रेम आहे, म्हणून त्याचे दोष मी लपवणार नाही. पहिला हाच. गोळी सुटल्यावर घोडा मागे येतो आणि हाताच्या बेचकीतली कातडी चिमटीत पकडतो. ज्यांचा पंजा मोठा, त्यांना जास्त. दुसरा दोष सेफ्टीचा खटका. हे पिस्तूल घोडा चढवून, सेफ्टी लावून बाळगायच्या पद्धतीचं, पण जुन्या मॉडेलांवरचा खटका इतका चिमुकला की घाईत अंगठ्याला सापडत नाही. तिसरा दोष ट्रिगरचा, आणि त्याचं मूळ त्या फ्रेंच मागणीत आहे. मॅगझिन बाहेर काढलं की पिस्तूल उडता कामा नये, अशी अट होती. त्यासाठी ट्रिगरला एक दट्ट्या जोडला, जो मॅगझिनच्या अंगाला टेकून राहतो. परिणामी प्रत्येक वेळी ट्रिगर ओढताना तो दट्ट्या मॅगझिनवर घासतो आणि बोटाला खरखर लागते. इतकी सुंदर तरफ बसवायची आणि तिच्या मार्गात घर्षण आणून ठेवायचं! माझ्या मते या पिस्तुलावर झालेला सर्वांत मोठा अन्याय तो हाच.

वापरणारे गप्प बसले नाहीत. अमेरिकेत कित्येक दशकं लोक हाय-पॉवर विकत घेत आणि थेट बंदूक-कारागिराकडे नेऊन देत. यादी ठरलेली असायची: घोडा बदला, सेफ्टी मोठी करा, तो दट्ट्या काढा, मॅगझिनच्या खाचेच्या कडा तासा, नेम धरायला नीट दिसेल अशी साइट बसवा. एफबीआयच्या ओलीस-सुटका पथकासाठीची हाय-पॉवर वेन नोव्हॅक या कारागिरानं अशीच तयार केली होती. या कामाचा खर्च कधीकधी पिस्तुलाच्या किमतीच्या वर जायचा, तरी लोक करत. मूळ वस्तूबद्दल इतकी ओढ असल्याशिवाय कोणी हे करत नाही.

मग एफएननं २०१७ च्या सुमारास उत्पादन थांबवलं. जुन्या बेल्जियन पिस्तुलांच्या किमती चढल्या, आणि ज्याला रेंजवर रोज वापरायला हवं त्याच्या हातातून ते गेलं. काचेच्या कपाटात ठेवून बघायची वस्तू झाली. मला याचं फार वाईट वाटायचं.

एसए-३५ नं कारागिराची ती यादी उचलली आणि कारखान्यातच पूर्ण केली. घोड्याचा आकार बदलला, तो आता चावत नाही. सेफ्टीचा खटका लांब केला, अंगठा आपोआप त्यावर जातो. मॅगझिनचा दट्ट्या काढून टाकला. चेंबरकडे, म्हणजे गोळी बसते त्या नळीच्या मागच्या भागाकडे, जाणारा उतार असा केला की आजच्या पोकळ टोकाच्या गोळ्याही अडत नाहीत. मॅगझिन १५ गोळ्यांचं, पण मुठीच्या बाहेर न येणारं. पुढच्या साइटवर पांढरा ठिपका. मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या. फ्रेम आणि स्लाइड दोन्ही फोर्जिंगच्या. सुरुवातीची किंमत ६९९ डॉलर, म्हणजे जुनं बेल्जियन पिस्तूल घेऊन त्यावर काम करून घेण्यापेक्षा कितीतरी कमी. आणि ४.७ इंचांचं बॅरल, तिरकी खाच, स्लाइडमधली तरफ, मुठीची ती बारीक गोलाई, यातल्या कशालाही धक्का नाही. जुनी हाय-पॉवरची मॅगझिनंही यात चालतात. कपाटात आजोबांच्या काळातलं मॅगझिन पडलं असेल, तर ते आजही कामाला येतं.

फोर्जिंगचा मुद्दा मी मुद्दाम मांडतोय. प्लास्टिकची फ्रेम साच्यातून काही सेकंदांत निघते, आणि त्यात वाईट काही नाही, माझं रोजचं पोट मोल्डवरच भरतं. पण पोलादाचा तापलेला तुकडा घणाखाली दाबून, मग मिलिंगवर कापत कापत त्याची फ्रेम काढायची आणि तरी ६९९ डॉलरमध्ये विकायची, यासाठी शॉपफ्लोअरवर काय शिस्त लागते ते मला माहीत आहे. १९३५ साली हे काम अनुभवी हातांच्या आणि कानशीच्या जोरावर व्हायचं. आज सीएनसीमुळे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनमुळे, ते पुन्हा परवडतं. नवं तंत्र जुन्या रचनेच्या मदतीला आलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

एफएननंही जानेवारी २०२२ मध्ये आपलं नवीन हाय-पॉवर आणलं. १७ गोळ्या, दोन्ही हातांना चालणारे खटके, उघडायची पद्धत सोपी. चांगलं पिस्तूल आहे, घट्ट बसतं, मी वापरून पाहिलंय. तेव्हाची किंमत मात्र १,२०० डॉलरच्या पुढे. आणि माझी तक्रार किमतीची नाहीच. त्यांनी पिस्तूल आतून नव्यानं आखलं, मुठीची अंगलट बदलली, जुनं मॅगझिन त्यात बसत नाही. ज्या घरानं सैव्हला वर्षानुवर्षं काम दिलं, त्या घराला हे नाव लावायचा पूर्ण अधिकार आहे. पण डोळे मिटून दोन्ही हातांत घ्या: एसए-३५ हाय-पॉवर लागतं, एफएनचं एक चांगलं आधुनिक पिस्तूल लागतं. तुर्कस्तानच्या गिरसाननंही एमसी पी३५ नावानं आपली आवृत्ती काढली आहे, ती स्वस्त आहे आणि ज्याला सुरुवात करायची त्याला ठीक.

एसए-३५ मध्ये मला काय खटकतं तेही सांगतो. रंग मॅट आहे. जुन्या बेल्जियन हाय-पॉवरचं ब्लूइंग असं चकचकीत, गडद निळं असायचं की त्यात चेहरा दिसावा. सेफ्टी फक्त डाव्या बाजूला आहे, त्यामुळे डावखुऱ्यांची अडचण तशीच राहिली. मोठा खटका दिलाच होता, तर दोन्ही बाजूंना द्यायला हवा होता.

पुण्यातले मित्र विचारतात, हत्याराचं एवढं कौतुक कशाला? मला हा प्रश्न योग्य वाटतो. हत्यार जीव घेऊ शकतं, म्हणून माझं पिस्तूल कुलपाच्या तिजोरीत असतं, गोळ्या वेगळ्या असतात, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याचे नियम ठाऊक आहेत. कौतुक आहे ते दोन माणसांनी पोलादात केलेल्या विचाराचं. खंडेनवमीला आम्ही टूलरूममध्ये मशीनला हळद-कुंकू लावायचो, तोच भाव. इथे घरी मी व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि हे पिस्तूल एकाच पाटावर ठेवतो. दुसरे विचारतात, ग्लॉकच्या जमान्यात आधी हातानं घोडा चढवावा लागणारं लोखंडी पिस्तूल कशाला? २५ यार्डांवर कागदावर शांतपणे गोळ्यांचा गट जमवून बघा, म्हणजे भोकं जवळजवळ पाडून. ट्रिगर जिथे सुटायला हवा तिथेच सुटतो, आणि जवळपास ९०० ग्रॅमचं वजन झटका पिऊन टाकतं.

भारतात ९ एमएम प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे सर्वसाधारण परवानाधारक नागरिकालाही हे घेता येत नाही, आणि त्या कायद्यावर वाद घालायला मी हे लिहीत नाहीये. माझं म्हणणं इच्छापूरबद्दल आहे. त्यांच्याकडे या रचनेचा दीर्घ अनुभव आहे. वन-ए वर गोळ्या झाडलेल्या प्रत्येक जवानाच्या आणि अधिकाऱ्याच्या बेचकीला तिचे दोष ठाऊक आहेत. घोडा, सेफ्टी, दट्ट्या, उतार, साइट: पाच बदल, सगळे सिद्ध झालेले. नवं परदेशी पिस्तूल निवडायच्या चर्चा चालू राहतील, त्या राहू देत. पण हातात आहे ते पिस्तूल या पाच बदलांसह एकदा बनवून जवानांच्या हाती द्या आणि ते काय म्हणतात ते ऐका.

माझ्या यादीत सैन्यातले, पोलिसांतले, एनसीसीत अधिकारी राहिलेले बरेच जण आहेत. ज्यांनी वन-ए चालवलंय त्यांनी खाली जरूर लिहा: चिमटा बसायचा का, ट्रिगर कसा वाटायचा, सेफ्टी सापडायची का. जे सार्वजनिकपणे सांगता येईल तेवढंच लिहा. मामांना मी सगळी उत्तरं वाचून दाखवणार आहे.