उजनीच्या लाँचला दिलेल्या ऑइल फिल्टरबद्दल आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की कंपनीचा फिल्टर मागितला तर दुसराच गळ्यात मारला, रोज सकाळी लाँच सुरू केली की ऑइलचा दिवा आठ-दहा सेकंद विझत नाही, माल डुप्लिकेट आहे, आणि तक्रार घेऊन आलो तर काउंटरवरच्या मुलानं ‘इंजिनच जुनं झालंय’ म्हणून वाटेला लावलं.

फिल्टर चुकीचा दिला, हे खरं आहे. दोष इंजिनावर ढकलला, हे त्याहून वाईट झालं. त्या मुलाला काम मीच शिकवलंय, तेव्हा माफी मीच मागतो.

तुम्ही काउंटरवर ठेवून गेलात तो फिल्टर मी त्याच संध्याकाळी कापून पाहिला. कागद चांगला, घड्या सरळ, शिवण पक्की. पण आत रबरी पडदा नव्हता. मुलानं तुमच्या जुन्या फिल्टरचे आटे जुळवले, रिंगचा व्यास मोजला, दोन्ही बरोबर आले म्हणून तो दिला. तो फिल्टर जनरेटरचा. जनरेटरवर तो आट्यांचं तोंड वर करून उभा लटकतो, त्यामुळे इंजिन बंद झालं तरी वाटीत पाणी राहावं तसं ऑइल आतच राहतं. तुमच्या टू-सिलिंडर इंजिनावर फिल्टर आडवा बसतो. त्यातलं ऑइल रात्रीतून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं, आणि सकाळी पंपाला आधी तो रिकामा डबा भरावा लागतो, मग बेअरिंगला ऑइल पोचतं. हे थांबवणारा पडदा म्हणजे अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. ‘फिल्टर उभा बसतो की आडवा?’ एवढा एक प्रश्न आम्ही विचारायला हवा होता.

मात्र ‘डुप्लिकेट’ हा शब्द मला मान्य नाही. दुसऱ्याचं नाव छापून विकतात तो डुप्लिकेट. या डब्यावर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव आहे. आणि बाहेरच्या कंपनीचा फिल्टर म्हणजे कचरा, असंही नाही. बोटीची बरीच छोटी डिझेल इंजिनं मुळात ट्रॅक्टर नाहीतर जनरेटरच्याच ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, उभी असतात. कुबोटा या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या ब्लॉकवर नानी आणि बीटा या कंपन्यांची बोटीची इंजिनं बनतात. अशा वेळी बोटीचं चित्र असलेल्या खोक्यासाठीच जास्त पैसे मोजायची गरज नाही. मूळ ब्लॉकचा नंबर काढून त्याच्या बरोबरीचा चांगला फिल्टर घ्यावा. फक्त बरोबरी आतून-बाहेरून व्हायला हवी. बायपास व्हॉल्व्हचंच घ्या. थंडीत ऑइल घट्ट असलं किंवा कागद तुंबला, की तो उघडून ऑइल पुढे जाऊ देतो. काही इंजिनांत तो ब्लॉकमध्येच असतो, काहींत फिल्टरमध्येच असावा लागतो. शिवाय एका फिल्टरचा व्हॉल्व्ह 8-10 पीएसआय दाबाला उघडतो, तर दुसऱ्याचा 20च्या आसपास. बाहेरून दोघे जुळे भाऊ दिसतात.

आट्यांतही फसगत होते. फिल्टर ज्यावर फिरवून बसवतात तो पाऊण इंची, इंचाला 16 आट्यांचा स्टड 19.05 मिलिमीटरचा. त्यावर 20 मिलिमीटरचा, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेला फिल्टर फिरतो, बसल्यासारखाही वाटतो, पण सैल असतो आणि दाबाखाली निसटू शकतो. रस्त्यावर गाडी बाजूला घेता येते. उजनीच्या मधोमध सगळं ऑइल लाँचच्या तळाशी सांडलं तर काय करणार? मे 2024मध्ये कुगाव-कळाशीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं बोट उलटली आणि 6 जण गेले. त्याचं कारण इंजिन नव्हतं. पण तसला वारा सुटल्यावर इंजिन बंद पडणं मला कुणाच्याही वाट्याला नकोय, आणि तुमच्या लाँचमध्ये तर रोज माणसं बसतात. म्हणूनच तुमची तक्रार वाचून रात्री झोप लागली नाही.

आडव्या बसणीचा, पडदा असलेला फिल्टर तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवलाय. त्याचे पैसे नकोत. पहिल्याचे पैसे परत, आणि ऑइल बदलायचा खर्चही आमचा. येताना इंजिनाच्या पाटीचा फोटो आणा, म्हणजे बायपास ब्लॉकमध्ये आहे का, ते कॅटलॉगमध्ये तुमच्यासमोरच बघू. सोलापूरला येणं जमत नसेल तर कळवा, मी स्वतः टेंभुर्णीला घेऊन येतो.

तोवर लाँच काढू नका, ही विनंती. आणि दुसऱ्या कुणाकडून फिल्टर बसवून घेतलात, तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिलेली नाही ना, हे आधी हाताचं बोट फिरवून बघायला सांगा.